सराट्याच्या बेटावरचं भूत

भुताची गोष्ट हवी ना? मग भुताचीच सांगतो. पण हे भूत पिंपळावर राहत नाही आणि अमावास्येची वाटही बघत नाही. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात ते आपल्यासमोर असतं. दिसत नाही, एवढंच. १९८० साली जोसेफ कॉनेल नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं आणि नाव ठेवलं, ‘गेलेल्या स्पर्धेचं भूत’.

सई, तोंड वाकडं करू नकोस. ते लपतं कुठं, ते आधी ऐक. सकाळी आपल्या पाझर तलावावर जाऊन बसलं की काय दिसतं? काठाच्या उथळ पाण्यात ढोकरी मान आखडून उभी असते. खंड्या तारेवरून थेट सूर मारतो. पाणकावळा बुडी मारून खोल पाण्यात माशाचा पाठलाग करतो. शेकाट्या आपल्या लांबलचक पायांनी चिखलात किडे टिपत फिरतो. चौघांचं पोट एकाच पाण्यावर, तरी तंटा नाही. पाहणाऱ्याला वाटतं, किती शहाणपणानं वाटून घेतलंय यांनी!

पण पक्षी काही तलाठी बोलावून हद्दी आखून घेत नाहीत. मग ही वाटणी केली कुणी? एक शक्यता अशी, की फार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांना एकच घास हवा होता. ज्यांची चोच सारखी, ज्यांची भूक सारखी, ते एकमेकांचं अन्न संपवत राहिले आणि टंचाईच्या वर्षी मेले. जे जरा वेगळं खात होते, ते तगले. आज दिसतात ती त्या तगलेल्यांची पोरंबाळं. तंटा केव्हाच मिटला आणि तंटेखोरही गेले. कॉनेल यांचं म्हणणं होतं, हे सगळं ठीक, पण पुरावा काय? जे घडून गेलं ते दिसत नाही, म्हणून कुठल्याही फरकाचं खापर या भुतावर फोडायचं का?

त्यांना हे विचारायचा हक्क होता, कारण जिवंत स्पर्धा त्यांनी स्वतः पकडून दाखवली होती. स्कॉटलंडच्या किनाऱ्याला कंब्रे नावाचं बेट आहे. तिथल्या खडकांवर बार्नेकल राहतात. कवचाच्या घरात बसून पाण्यातलं अन्न गाळून खाणारे हे बारके जीव. एकदा खडकाला चिकटले की जन्मभर हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जगात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे जागा. भरतीरेषेजवळ, वरच्या अंगाला एक लहान जात. खाली दुसरी दांडगी जात. कॉनेलनी काही दगडांच्या अर्ध्या भागावरून दांडगे खरवडून काढले, अर्ध्यावर राहू दिले. जिथं दांडगे काढले, तिथं लहान बार्नेकल खालीही मजेत जगले. जिथं होते, तिथं दांडग्यांनी वाढता वाढता त्यांच्या कवचाखाली शिरून त्यांना उचकटून टाकलं, नाहीतर चिरडलं. १९६१ साली हा निबंध छापून आला. वर, जिथं ओहोटीत तासन्‌तास कोरडं पडावं लागतं, तिथं मात्र दांडग्यांचा टिकाव लागत नव्हता. लहान्यांनी ‘वरची हवा’ हौसेनं निवडलेली नव्हती. खालून हाकलल्यावर तेवढीच उरली होती.

आता बार्नेकल जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांना मोजणं सोपं. उडणाऱ्या पक्ष्यांचं काय करायचं? त्यासाठी आपल्याला फार लांब जायचंय. पण आधी ओंकार, तुझ्या चपलेत घुसलेला तो काटा दाखव बघू.

हा सराटा. गोखरूही म्हणतात. माळावर जमिनीसरपट पसरतो, इवलीशी पिवळी फुलं येतात, फार देखणा दिसतो. फळ पिकलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे लाकडासारखी टणक पेटी, तिला अणकुचीदार काटे, आणि आत बिया. अनवाणी चालणारी माणसं आणि सायकलवाले, दोघंही त्याला शिव्या देतात. याचाच एक सख्खा चुलतभाऊ प्रशांत महासागरात, दक्षिण अमेरिकेच्या इक्वाडोर देशापासून सुमारे हजार किलोमीटरवर, गालापागोस बेटांवर राहतो. त्याची फुलं जरा मोठी, काटे मात्र तितकेच वाईट.

गालापागोस म्हटलं की डार्विन आलाच. १८३५ साली तो तिथं गेला, काही पक्षी मारून घेऊन आला, आणि कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा याच्या नोंदी ठेवताना गोंधळ घातला. हे पक्षी म्हणजे फिंच. आकारानं चिमणीएवढे, रंगानं काळे नाहीतर मळकट तपकिरी, आवाजही यथातथाच. नजरेत भरावं असं एकच, चोच. कुणाची बारीक, कुणाची मध्यम, कुणाची चेहऱ्याला न शोभणारी जाड. जमिनीवर दाणे टिपणाऱ्या तीन भावंडांना आपण धाकटा, मधला आणि थोरला म्हणू. शास्त्रात त्यांची नावं लांबलचक आहेत, ती नंतर पाठ करा.

शंभर वर्षांनी, १९३८ साली, डेव्हिड लॅक नावाचे एक इंग्रज शाळामास्तर या पक्ष्यांसाठी तिथं जाऊन राहिले. मास्तर म्हटल्यावर मला त्यांच्याविषयी जरा जास्तच माया, हे आधीच सांगून ठेवतो. परतल्यावर त्यांनी लिहिलं, की चोचीतला फरक आपापल्या जातीचा जोडीदार ओळखण्यासाठी असावा. मग ते पुन्हा विचार करत बसले, आणि १९४७ च्या पुस्तकात आपलंच मत फिरवलं: नाही, हा फरक अन्नासाठीच्या चढाओढीतून आलाय. त्यांचा आधार मोठा गमतीचा होता. डॅफ्नी नावाच्या चिमुकल्या बेटावर मधला फिंच राहतो, धाकटा तिथं जवळजवळ नाही. लॉस एर्मानोस नावाच्या खडकांवर उलट, धाकटा आहे आणि मधला नाही. या दोन ठिकाणी दोघांच्या चोची जवळपास एकाच मापाच्या. पण सांताक्रूझ या मोठ्या बेटावर दोघंही राहतात, आणि तिथं धाकट्याची चोच स्पष्ट लहान, मधल्याची स्पष्ट मोठी. एकटे असले की चोची मधे येतात, शेजारी आले की दूर सरकतात.

आणि चढाओढ भावकीतच असते असंही नाही. गालापागोसवर एक काळा भुंगा आहे, फुलांतला मध पिणारा. डॉल्फ श्लुटर यांना असं दिसलं, की ज्या बेटांवर तो भुंगा पोचलेला नाही, तिथं लहान फिंच जास्त मध पितात. पक्ष्याच्या ताटातला वाटेकरी कीटकही असू शकतो. दोघांनी आयुष्यात एकमेकांकडे मान वळवूनही पाहिलेलं नसतं.

तर लॅक मास्तरांचा युक्तिवाद सुरेख होता. पण भुताचा होता. फरक आज दिसतोय. तो कसा पडला हे कुणीच पाहिलेलं नाही. १९७० नंतर फ्लोरिडातल्या काही अभ्यासकांनी तर हिशेब मांडून विचारलं, की हे योगायोगानं जुळलेलं नाही कशावरून? बेटाबेटांवरच्या बियाच वेगळ्या असल्या तर? लोक त्यांच्यावर चिडले. माझ्या मते उगाच. शंका रास्त होती, आणि तिचं उत्तर खुर्चीत बसून मिळणारं नव्हतं.

ते मिळवायला एक जोडपं डॅफ्नीवर जाऊन बसलं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट. १९७३ साली त्यांनी सुरुवात केली, पुढं दरवर्षी जात राहिले, दोघी लेकींनाही बरोबर नेत राहिले, आणि हे काम चाळीस वर्षं चाललं. डॅफ्नी म्हणजे थंड झालेल्या ज्वालामुखीचं समुद्रातून वर आलेलं टोक. क्षेत्रफळ सुमारे ३४ हेक्टर, आपल्या गावच्या गायरानात मावेल एवढं. प्यायला गोडं पाणी नाही, झाडाची सावली म्हणावी अशी नाही. बोट टेकवायला किनाराही नाही. लाटेवर बोट वर आली की कडेच्या खडकावर उडी टाकायची. पाण्याचे कॅन, तंबू, डबाबंद अन्न, सगळं तसंच वर चढवायचं. कुणी फुकट दिलं तरी मी घेतलं नसतं असं हे बेट. पण अभ्यासासाठी सोन्यासारखं, कारण पक्षी मोजके, आणि ये-जा थोडी.

ग्रँट आणि त्यांचे विद्यार्थी पक्षी जाळ्यात धरायचे, पायात रंगीत कडी घालायचे, वजन करायचे, चोचीची लांबी, रुंदी, जाडी मोजायचे आणि सोडून द्यायचे. पुढं पुढं बेटावरचा जवळजवळ प्रत्येक फिंच त्यांच्या ओळखीचा झाला. आईबाप कोण, पिल्लं किती, सगळं वहीत. जमिनीचे छोटे चौकोन आखून त्यातल्या बियाही मोजायचे. कुठलं बी फोडायला किती जोर लागतो हे मोजण्यासाठी मॅकगिल विद्यापीठात त्यांनी चक्क एक मापाचा अडकित्ता बनवून घेतला होता! सराट्याची पेटी त्यावरही सहजासहजी फुटत नसे. मधल्या फिंचमध्ये ज्यांची चोच जाड, तेच तिच्या वाटेला जात. बारीक चोचीचे बघूनही न बघितल्यासारखं करत.

आणि इथं त्यांना एक गोष्ट कळली, ती नीट ऐका. पावसाळ्यात सगळे फिंच तेच खातात! अळ्या, कोवळ्या बिया, जे मऊ आणि मुबलक असेल ते. निवडुंगावर जगणारा एक चौथा फिंच आहे, तोही त्यात असतो. त्या दिवसांत बेटावर गेलेल्या पाहुण्याला स्पर्धेचा मागमूस लागणार नाही. कोरडे महिने आले, सोपं अन्न सरलं, की मग प्रत्येक जण आपापल्या हुकमी कामाकडे वळतो. निवडुंगवाला फड्या निवडुंगाकडे, बारीक चोचीचे बारीक बियांकडे, जाड चोचीचे सराट्याकडे. चोच कशासाठी आहे, ते अडचणीच्या महिन्यांत समजतं.

१९७७ साली पाऊसच आला नाही. एरवी तिथं जानेवारीत सुरू होतो. त्या सबंध हंगामात २४ मिलिमीटर पडला. एवढ्यानं पायाखालची धूळही बसत नाही. तेव्हा पीटर बोग नावाचे विद्यार्थी बेटावर होते. फिंचनी विणच केली नाही. बारीक बिया आधी संपल्या, मग मध्यम, शेवटी उरल्या त्या मोठ्या आणि टणक. मधल्या फिंचपैकी सुमारे ८५ टक्के मेले. माद्या आकारानं लहान, म्हणून त्या जास्त मेल्या. जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त निघाली. अर्धा मिलिमीटर! तुझ्या नखाच्या जाडीएवढा फरक, आणि त्यावर जगणं-मरणं. ही चोच आईबापांकडून पिल्लांकडे उतरते, हे त्यांनी आधीच मोजून ठेवलेलं होतं. पुढच्या पिढीची चोचही जाडच आली.

मी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. तेव्हा तुमच्याएवढा होतो. विहिरी आटल्या, तरी रस्त्याच्या कामावर खडी फोडली की मजुरी मिळायची, शाळेत सुकडी मिळायची, परदेशी मिलोची लालसर ज्वारी रेशनवर यायची. नाक मुरडत खाल्ली, पण खाल्ली. डॅफ्नीवर बाहेरून काही येत नाही. बेटावर जेवढं आहे तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं, आणि शेजाऱ्यानं सकाळी खाल्लेलं बी तुम्हाला संध्याकाळी मिळत नाही. त्या ८५ टक्क्यांना कुणी चोचीनं टोचून मारलं नव्हतं. कुणी फक्त आधी येऊन गेलेलं होतं.

मग म्हणाल, मोठी चोच चांगली! थांबा. १९८२ च्या अखेरीस एल निनो आला. १९८३ मध्ये डॅफ्नीवर १३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. वेलींनी बेट गुदमरवून टाकलं, सराटा त्यांच्याखाली गाडला गेला, आणि जमिनीवर बारीक बियांचा खच पडला. पुढं पुन्हा कोरडी वर्षं आली, तेव्हा जाड चोचीवाले मोठं अंग पोसता पोसता थकले आणि बारीक चोचीचे तगले. काटा उलटा फिरला. निसर्गाला पुढं कुठं पोचायचं नसतं, मुक्कामाचं गाव ठरलेलं नसतं.

त्याच एल निनोच्या सुमारास आणखी एक घटना घडली, आणि तीच खरी गोष्ट. थोरला फिंच बेटावर राहायला आला. आधीही तो कोरड्या दिवसांत यायचा, पण विणीआधी निघून जायचा. या खेपेला तीन नर आणि दोन माद्या राहिल्या आणि त्यांनी घरटी केली. थोरल्याचं वजन सुमारे ३० ग्रॅम, मधल्याचं १८ च्या आसपास. चोच अशी, की सराट्याची पेटी मधल्याला चिवटपणे झटून फोडावी लागते, ती थोरला झपाट्यानं फोडून मोकळा होतो. सुरुवातीला पाच पाहुण्यांनी काय फरक पडणार? पाऊसपाणी बरं होतं, सराटा पुरेसा होता. वीस वर्षं दोघं सुखानं नांदले. त्या वीस वर्षांत कुणी बेटावर गेला असता तर त्यानं छातीठोकपणे सांगितलं असतं, की थोरल्या-मधल्यांत काही स्पर्धा नाही. २००३ पर्यंत थोरले तीनशेच्या वर गेले.

आणि मग पाऊस रुसला. २००३ कोरडं, २००४ कोरडं. बारीक बिया संपल्या. मधल्यांतले जाड चोचीवाले सवयीनं सराट्याकडे वळले, १९७७ मध्ये त्यांच्या पूर्वजांना ज्यानं वाचवलं त्याच सराट्याकडे. तिथं थोरले आधीच बसलेले. काही वेळा ते मधल्याला हुसकावून लावत, पण बहुतेक वेळा त्याचीही गरज नव्हती. पेट्या फोडून रिकाम्या झालेल्या असत. जाड चोचीचे मधले उपासमारीनं गेले. बारीक चोचीवाले, ज्यांना सराटा कधी जमलाच नव्हता, ते बारीकसारीक बियांवर कसेबसे निभावले. एका फटक्यात मधल्यांची सरासरी चोच लहान झाली. थोरल्यांनाही हे पचलं नाही; सराटा त्यांनाही पुरला नाही आणि त्यातलेही बहुतेक सगळे मेले.

ओंकार, तू गणिताचा ताळा करतोस ना, तसा इथं आपोआप झाला. १९७७ चा दुष्काळ आणि २००४ चा दुष्काळ. बेट तेच, पक्षी तोच, सराटा तोच. पहिल्यात जाड चोच वाचली, दुसऱ्यात जाड चोच मेली. मोठा बदल एकच, दुसऱ्या खेपेला थोरला होता. कॉनेलनी स्कॉटलंडमध्ये हातानं खरवडून जे केलं, ते इथं समुद्र ओलांडून आलेल्या पाच पक्ष्यांनी आणि दोन न पडलेल्या पावसांनी केलं. फ्लोरिडावाल्यांचा प्रश्न होता, चोची दूर सरकताना कुणी पाहिल्यात का? २००६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ग्रँट दांपत्यानं उत्तर छापलं, की हो, आम्ही पाहिल्या.

सई विचारतेय, जिंकलं कोण? तशी मोजदाद या खेळात होत नाही. सराट्यालाच विचार. ज्या पेटीला काटे जास्त किंवा लांब, ती फोडायला पक्षी कचरतात, म्हणून काटेरी पेट्या मागं उरतात. फिंच एकमेकांशी झगडतायत असं आपण म्हणतो, त्याच वेळी सराटा त्या सगळ्यांशी एकदम झगडत असतो. थोरला पुन्हा सावरला तर मधल्याची चोच आणखी सरकेल. सराटा घटला तर दोघांनाही दुसरं काही शोधावं लागेल. पुढचा पाऊस किती, त्यावर सगळं.

आणखी एक सांगायचं राहिलं. चोच मोजून सोडताना ग्रँट प्रत्येक पक्ष्याच्या रक्ताचा एक बारीकसा थेंब कागदावर टिपून ठेवायला लागले होते. तेव्हा त्याचा पुरता उपयोग करायची साधनं नव्हती. २०१६ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लेफ अँडरसन यांच्या चमूनं ग्रँटांबरोबर ते थेंब वाचले. फिंचच्या चोचीचा आकार लहान की मोठा, यात एचएमजीए-२ नावाच्या जीनच्या भागाचा मोठा हात असल्याचं निघालं. माणसाच्या उंचीशीही हाच जीन जोडलेला आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यातही तो आहे. मधल्या फिंचमध्ये त्याची दोन रूपं सापडली, एक मोठ्या चोचीचं, एक लहान चोचीचं. मग वह्या काढल्या, कड्यांचे रंग जुळवले आणि २००५ नंतर कोण कोण जिवंत होतं त्याची यादी समोर ठेवली. मोठ्या चोचीचं रूप असलेले पक्षी मेलेल्यांच्या यादीत जास्त निघाले.